अर्धा पट्टा

या घरात आले त्याच्या पहिल्याच आठवड्यात मी नको तो प्रश्न विचारला. गोठ्याच्या भिंतीला मोठ्या खिळ्यावर जाडजूड रबरी कापडाचा एक पट्टा लटकत होता. वीतभर रुंद, दोन्ही टोकं कापलेली. मी सासूबाईंना विचारलं, "आई, हा कशाचा?"

"इंजिनाचा."

"इंजिन कुठंय?"

"पलीकडे."

"मग पट्टा इथं कसा?"

"अर्धाच आहे. अर्धा पलीकडे," असं म्हणून त्या धार काढायला बसल्या आणि माझ्याकडे पाठ केली.

पलीकडे म्हणजे बांधापलीकडे, काकांच्या घरी. काका म्हणजे माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. हळूहळू मला सगळं कळत गेलं, कारण मला कळल्याशिवाय चैन पडत नाही. माझी आई म्हणायची, हिला नाक जरा लांबच दिलंय. मी येण्याआधी दोन वर्षं वाटणी झाली होती. जमीन सरळ निम्मी झाली, बैल दोन होते ते एकेक गेले. मग आलं मळणीचं सामान. यंत्र मामंजींच्या वाट्याला गेलं आणि ते फिरवणारं इंजिन काकांच्या. मधला पट्टा कोणीच सोडेना. तेव्हा काकांनी विळा आणला आणि मामंजींनी हातानं मापून दिलं. बरोबर निम्मा कापला. त्या दिवसापासून आमच्या यंत्रात कोंबड्या अंडी घालतात, त्यांचं इंजिन नुसतं पाणी उपसतं, आणि दोघंही मळणीला बाहेरचा माणूस बोलावतात. हे ऐकून मी हसले होते. सासूबाई हसल्या नाहीत.

भांडण शेतावरून नव्हतंच. ते साहेबांवरून होतं. साहेब आमच्या भागातून पाच वेळा उभे राहिले, चार वेळा निवडून आले, किल्लीच्या चिन्हावर. मामंजी किल्लीवाले. नुसते मत देणारे नव्हेत. भिंती रंगवणारे, माणसं गोळा करणारे, मतदानाच्या दिवशी उन्हात टेबल टाकून बसणारे. साहेबांच्या जीपवर एकदा दगडफेक झाली तेव्हा मामंजी पुढे उभे राहिले आणि एक दगड त्यांच्या डाव्या कानाशी बसला. तो कान कायमचा गेला. कोणी बोलायला लागलं की ते मान वळवून उजवा कान पुढे करतात, आणि माणसाला वाटतं की हा गृहस्थ आपल्याकडे संशयानं बघतोय.

काका छत्रीवाले. त्यांचा उमेदवार म्हणजे एक निवृत्त मास्तर, जे दर वेळी उभे राहायचे आणि दर वेळी पडायचे. अकरा वर्षांपूर्वीच्या निवडणुकीत काकांनी घराच्या समाईक भिंतीवरचा साहेबांचा कागद टरकावला, मामंजींनी त्यांच्या थोबाडीत दिली, आणि महिन्याभरात वाटणी झाली. तेव्हापासून दोघे एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत. वीस पावलांवर राहतात. एकाचा खोकला दुसऱ्याला ऐकू जातो.

मला नेहमी एकच उत्सुकता वाटायची. कधी ना कधी हे दोघे बोलतील, तर पहिला शब्द काय असेल? भाजी चिरताना मी मनातल्या मनात तो लिहून बघायचे. कधी 'चुकलं' असायचा, कधी शिवी.

यंदा गहू बरा आला होता. कापून, पेंढ्या बांधून खळ्यावर रचला होता. काकांचाही तसाच, बांधाच्या पलीकडच्या अंगाला. सोमवारी सकाळी हवेत ओल होती. पेंढीत हात घातला की दमट लागायचं. वारा रोजच्या उलट बाजूनं येत होता आणि रेडिओवर गुरुवारी पाऊस सांगितला होता. मळणीवाला मंगळवारी ट्रॅक्टर घेऊन येणार होता, म्हणून आम्ही तसे निवांत होतो.

तोच मळणीवाला मोटरसायकलवरून आला, खाली उतरलाही नाही. "उद्या जमत नाही," म्हणाला. "ट्रॅक्टर परवा सभेला जाणार. आज ट्रॉली धुवायची, उद्या बाकं बसवायची. शुक्रवारी येतो."

"शुक्रवारी काय चिखल मळायचाय?" माझा नवरा म्हणाला. "दुसरं कोणी बघ."

"सगळेच चाललेत. शंभर ट्रॅक्टर मागितलेत. साहेबांचा प्रवेश आहे."

मामंजी पेंढीवर बसून दोरी वळत होते. त्यांनी मान वळवली. "कसला प्रवेश?"

"पक्षप्रवेश. छत्रीत चाललेत."

"कोण?"

"साहेब," मळणीवाला मोठ्यानं म्हणाला, बहिऱ्या माणसाला सांगावं तसं. "आपले साहेब. छत्रीत."

आवाज बांधापलीकडे गेला. तिथं काका पेंढ्या रचत होते. ते हातातली पेंढी तशीच धरून उभे राहिले. मामंजींच्या हातातली दोरी उलगडत गेली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. मी एकदा इकडे आणि एकदा तिकडे बघत होते. दोघांचेही चेहरे पडले होते, आणि ते सारखे दिसत होते. नऊ वर्षांत मला पहिल्यांदाच कळलं की हे सख्खे भाऊ आहेत.

मंगळवारी साहेबांचा माणूस गाडीतून आला. हा त्यांच्या कचेरीत बसतो, फोन उचलतो. त्यानं पिशवीतून टोप्या काढल्या. छत्री छापलेल्या, कोऱ्या करकरीत, अजून घडी न मोडलेल्या.

"घरात किती माणसं? चार ना? चार घ्या. उद्या दहाला फाट्यावर."

मामंजींनी टोपी हातात घेतली आणि आतून बाहेरून बघितली. "का गेले?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"का गेले ते विचारतोय. भांडण झालं का कुणाशी?"

"नाही हो. पाहणी झाली होती. किल्लीवर यंदा बसत नाहीत. छत्रीवर बसतात."

"म्हणजे हरले असते?"

"हो."

"मग हरायचं," मामंजी म्हणाले. ते रागानं म्हणाले नव्हते. खरंच विचारत असल्यासारखे म्हणाले. "मास्तर नाही का हरले चार वेळा. काय झालं त्यांना? शेवगा लावलाय, पेपर वाचतात."

साहेबांच्या माणसाला हसावं की काय ते कळेना. तो पिशवी घेऊन बांध ओलांडून काकांकडे गेला. मी कोंबड्यांना दाणे टाकायच्या निमित्तानं बांधापर्यंत गेले. लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही.

"तुम्ही इथले जुने छत्रीवाले," तो काकांना सांगत होता. "साहेबांना हार तुम्ही घाला. फोटो चांगला येईल."

"आणि मास्तर?"

"मास्तरांचं पुढच्या वेळी बघू."

"मास्तर ऐंशीचे झालेत," काका म्हणाले. तो माणूस गाडीत बसून गेला. काका टोप्या हातात घेऊन अंगणातच उभे राहिले. अकरा वर्षांनी दोन्ही घरांत एक सारखी वस्तू आली होती, आणि ती कुणालाच नको होती.

दुपारी नळावर काकू भेटली. बायकांचं बोलणं कधी बंद नव्हतंच; फक्त ते नळावर व्हायचं, घरात नाही. काकू हंडा घासत म्हणाली, "हे जेवले नाहीत."

"मामंजीपण नाही जेवले."

"गव्हाचं काय करणार तुम्ही?"

"तुम्ही काय करणार?"

काकूनं हंडा पालथा घातला. "आमचा अर्धा पट्टा मी धान्याच्या कणगीवर टाकलाय," ती म्हणाली. "एका कडेला उंदरांनी कुरतडलाय. पण बाकी चांगला आहे."

घरी येऊन मी खिळ्यावरचा पट्टा काढला, खांद्यावर टाकला आणि बांधावर नेऊन ठेवला. थोड्या वेळानं काकू आली आणि तिचा अर्धा शेजारी ठेवून गेली. मग आम्ही दोघी आपापल्या दारात जाऊन बसलो, आता पुरुषमाणसं काय करतात ते बघायला.

आधी माझा नवरा उठला. त्यानं कुरतडलेली कड कापली, चुलीत सळई लाल केली आणि पट्ट्याच्या टोकांना भोकं पाडली. रबर जळल्याचा वास पार घरात आला. कातड्याची वादी ओवून त्यानं एक सांधा घातला, मग दुसरा. मामंजी ओट्यावरून बघत होते. शेवटी त्यांना राहवेना. "वादी आतल्या अंगानं घे," म्हणाले. "बाहेरून घेतलीस तर पुलीवर घासून तुटेल." आणि उठून यंत्राकडे गेले.

यंत्रात कोंबडी बसली होती. मामंजींनी तिला उचललं, खालची सात अंडी काढली आणि ठेवायला काही सापडेना तेव्हा छत्रीच्या टोपीत ठेवली. सासूबाईंनी ती टोपी आत नेली. त्या ओठ दाबून हसत होत्या.

पलीकडे काकांनी इंजिन लाकडाच्या ओंडक्यांवर घेतलं होतं आणि पहारीनं रेटत बांधाकडे आणत होते. पट्टा लावून बघितला तर पुरेना. कुरतडलेलं गेलं होतं, शिवाय दोन सांध्यांत जोडावर जोड आलेला. हातभर कमी पडत होता.

आता दोघे बांधाच्या दोन बाजूंना उभे, मध्ये चार पावलं, आणि मी पट्टा धरून मधोमध.

"सूनबाई," मामंजी म्हणाले, "इंजिनवाल्यांना सांग, हातभर पुढे यायला लागेल."

मी काकांकडे वळले. "काका, हातभर पुढे—"

"ऐकलं मी. त्यांना सांग, पुढे बांध आहे."

"मामंजी, पुढे—"

"बांध उतरवावा लागेल म्हणावं."

काका थोडा वेळ बांधाकडे बघत राहिले. तो बांध त्यांनीच घातला होता, वाटणीच्या वर्षी, एकट्यानं, उन्हाळ्यात. मग त्यांनी फावडं आणलं आणि इंजिन मावेल एवढा बांध फोडला. मातीची ढेकळं कडक झाली होती, फावडं टणटण वाजत होतं. माझा नवरा मदतीला गेला तर म्हणाले, "राहू दे." इंजिन त्या खिंडारात येऊन बसलं तेव्हा त्याचं पुढचं टोक आमच्या जमिनीत आलं होतं. मामंजींनी ते बघितलं, पण काही निरोप दिला नाही. खुंट्या मात्र त्यांनी स्वतः ठोकल्या. इंजिनाच्या चारही बाजूंना.

बुधवारी उजाडताच मळणी सुरू झाली. आधी काकांचा गहू घ्यायचा असं मामंजींनी माझ्यामार्फत कळवलं, कारण तो जास्त दमटला होता. इंजिनाला हँडल मारायचं काम दोघांचं असतं. एकानं वरची कळ उचलून धरायची, दुसऱ्यानं हँडल फिरवायचं, वेग आला की कळ सोडायची. कळ काकू धरायची. हँडल काका. चार वेळा फिरवल्यावर इंजिनानं धरलं, काळा धूर आला आणि पट्टा फिरायला लागला. दोन सांधे पुलीवरून जाताना टप् टप् वाजायचे. पहिल्यांदा वाटलं तुटणार. अर्ध्या तासानं त्या आवाजाचीच सवय झाली.

मामंजी यंत्राच्या तोंडाशी पेंढ्या सारत होते. मी आणि काकू पेंढ्या उचलून देत होतो, सासूबाई धान्य ओढत होत्या, माझा नवरा पोती भरत होता. भुसा डोळ्यांत, नाकात, मानेवर, कमरेच्या घामात. दहा वाजेपर्यंत माझे दंड कुसळांनी लाल झाले. फाट्याकडून ढोल वाजल्याचा आवाज येत होता. तिथं काकांच्या ऐवजी दुसऱ्याच कुणीतरी हार घातला असणार.

अकराच्या सुमाराला रस्त्यावरून गाड्या आल्या. पुढे पाच-सहा मोटारी, मागे ट्रॅक्टर, ट्रॉलीत बाकांवर माणसं दाटीवाटीनं बसलेली. मळणीवालाही त्यात होता. आमचं खळं बघून त्यानं तोंड फिरवलं. एक पांढरी मोटार थांबली. साहेब उतरले.

मी त्यांना इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं. कागदावर असतात त्यापेक्षा बुटके होते. गळ्यात हारांचा ढीग, चेहरा दमलेला, आणि डाव्या पायातला बूट चावत असावा, कारण ते जरा लंगडत होते. काकांनी इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं.

"वा," साहेब म्हणाले. "दोन्ही भाऊ एका खळ्यावर. मी सभेत हेच सांगणार आहे. आता आपण सगळे एकच."

मागून कुणीतरी मोबाइल वर धरला. मामंजी पुढे आले, अंगावरचा भुसा झटकत. त्यांनी हात पुसून घेतले. मला वाटलं ते साहेबांचा हात धरतील. पण त्यांनी मान वळवून उजवा कान पुढे केला.

"साहेब, एक विचारू? का गेलात?"

साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे बारीक झाले. त्यांनी मामंजींकडे बघितलं, मग काकांकडे. कोण कोण, याचा अंदाज घेत होते ते. मग काकांच्या खांद्यावर हात टाकून मामंजींना म्हणाले, "तुम्ही जुने छत्रीवाले. तुमच्या मनात शंका येणारच. पण या तुमच्या भावाला विचारा मी कसा माणूस आहे ते. तीस वर्षं माझ्यासाठी झिजलेत. माझ्या जीपपुढे दगड खाल्लाय यांनी."

मामंजींचा हात नकळत डाव्या कानाकडे गेला आणि तिथून परत खाली आला. मला त्यांच्याकडे बघवेना. मी इंजिनाकडे बघत राहिले.

काकांनी खांद्यावरचा हात बाजूला केला. ढकलला नाही, कुणाची तरी विसरलेली वस्तू उचलून परत द्यावी तसा उचलून खाली सोडला.

"दगड दादानं खाल्लाय," ते म्हणाले. "मी नाही. कान गेला त्याचा. दगड आमच्या बाजूनं आला होता, तेही मला माहीत आहे. तीस वर्षं तुमच्यासाठी झिजला तो दादा. मी तुम्हाला एकदाही मत दिलेलं नाही, आणि यंदाही देणार नाही, छत्री असली तरी. तो देईल की नाही ते त्याचं त्याला विचारा. पण आधी माणूस ओळखा आणि मग विचारा."

मोबाइल खाली आला. साहेब म्हणाले, "हो हो, तेच ते, गडबडीत झालं," आणि मामंजींकडे वळून हसले. पण मामंजी तिथं नव्हते. ते इंजिनापाशी गेले होते. साहेबांना दूरच्या सभेला जायचं होतं, माणसं हाका मारत होती. ते लंगडत मोटारीकडे गेले. गाड्या हलल्या आणि त्यांची धूळ आमच्या उघड्या गव्हावर बसली.

इंजिन पुन्हा चालू करायचं होतं. काकू कळ धरायला निघाली, पण मामंजी आधीच तिथं उभे होते, उजवा कान काकांच्या बाजूला. त्यांनी कळ उचलून धरली. काकांनी हँडल घातलं आणि वर बघितलं.

"फिरव," मामंजी म्हणाले.

नऊ वर्षं मी जो शब्द मनात घोळवत होते तो हा होता. काकांनी फिरवलं. तिसऱ्या फेऱ्याला मामंजींनी कळ सोडली, इंजिनानं धरलं आणि पट्टा पुन्हा टप् टप् करायला लागला. काकूनं माझ्या हाताला चिमटा काढला. मी पेंढी उचलून दिली, कारण दोन्ही घरांचा मिळून निम्मा गहू अजून राहिला होता आणि वारा वाढत होता.

संध्याकाळी शेवटचं पोतं आत गेलं तेव्हा पहिले थेंब पडले. इंजिनावर ताडपत्री टाकली. ते जिथं होतं तिथंच राहू द्यायचं ठरलं. कुणी ठरवलं ते कळलं नाही. दिवसभरात दोघे त्यानंतर फारसं बोलले नव्हते. 'घे', 'धर', 'बास', एवढंच. पण माझ्यामार्फत एकही निरोप आला नाही.

मी मामंजींना चहा नेऊन दिला. ते ओट्यावर बसून दंडावरची कुसळं काढत होते. कपबशी घेतली, पण प्यायले नाहीत.

"सूनबाई, तो साहेबांना काय म्हणाला?"

"कोण, काका? तुम्ही तिथंच तर होतात. ऐकू नाही आलं?"

"आलं," मामंजी म्हणाले. "तरी तू सांग."

मी सांगितलं. जसंच्या तसं, शब्द न गाळता. दगड दादानं खाल्लाय, तिथपासून. ते खाली बघून ऐकत होते, आणि माझं संपलं तरी मान तशीच वळलेली, चांगला कान माझ्याकडे.

"किती वेळा म्हणाला?"

"काय?"

"दादा."

मी आठवून बघितलं. "दोनदा," म्हणाले.

त्यांनी मान हलवली. बाहेर पाऊस लागला होता. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "परत एकदा सांग."